पनामाचे सैनिक आणि शिरोळचा चिखल

जुलै उजाडला की कोल्हापुरात ख्यालीखुशालीच्या आधी पंचगंगेचं पाणी विचारतात. ‘राजाराम बंधाऱ्याला किती?’ ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण नुसत्या आकड्यावर कुणाचं समाधान होत नाही. सकाळी किती होतं, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडलेत, तिकडं पाऊस अजून आहे का, हे सगळं विचारून झाल्यावरच सामान माळ्यावर चढवायचं की नाही ते ठरतं. ‘पाणी दुप्पट झालं’ असं कुणी म्हणालं, तर पानपट्टीवरचा माणूससुद्धा म्हणेल, ‘किती वरनं किती झालं ते सांग की लेका.’

आणि हीच आपण माणसं, त्यात मीही आले, औषधाच्या बाबतीत ‘९५ टक्के गुण येतो’ एवढं ऐकून मान डोलावतो. किती वरनं किती, हे विचारत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर ओसरल्यावर आम्ही शिरोळ तालुक्यातल्या एका गावात लेप्टो, म्हणजे पुराच्या पाण्यातून-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, टाळायला डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या वाटत होतो. वॉर्डातली बरीच वर्षं संपवून मी तेव्हा नर्सिंग शिकवायला लागले होते. विद्यार्थिनी बरोबर होत्या. आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, जेवणावर, भरपूर पाण्याबरोबर. गरोदर बायका आणि लहान मुलं वगळून. शाळेचा व्हरांडा, ओल्या सतरंज्यांचा वास, कोपऱ्यात भिजून फुगलेल्या वह्यांचा ढीग. गावच्या आशाताई यादी करत बसल्या होत्या. हातातली स्ट्रिप उलटसुलट करत त्यांनी विचारलं, ‘ताई, ह्या गोळीनं लेप्टो थांबतोय हे कुणी बघितलंय व्हय?’

मी म्हणाले, ‘वरून आलंय.’

त्या हसल्या आणि पुढचं नाव लिहायला लागल्या. ते हसू मला कोल्हापूरपर्यंत पुरलं.

सवडीनं शोधलं, तर बघितलेलं होतं. १९८४ साली छापूनही आलं होतं. मध्य अमेरिकेतल्या पनामात जंगलातल्या प्रशिक्षणासाठी गेलेले ९४० अमेरिकन सैनिक. निम्म्यांना दर आठवड्याला डॉक्सी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला कुठली, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं. मुक्काम साधारण तीन आठवड्यांचा. बिनऔषधाच्या गटात २० जणांना लेप्टो झाला, डॉक्सीच्या गटात एकाला. विसाच्या जागी एक, म्हणून ९५ टक्के.

आता बंधाऱ्याचा प्रश्न विचारा. गोळी न घेतलेल्या शंभरातले चारच आजारी पडले होते. म्हणजे साधारण २५ जणांनी गोळ्या घेतल्या तेव्हा एकाचा आजार टळला. उरलेल्यांना गोळीवाचूनही बहुतेक काही झालं नसतं. जिथं शंभरात नव्हे, हजारात चौघांनाच लेप्टो होतो अशा गावात तीच गोळी वाटली, तर एकाला वाचवायला अडीचशेहून जास्त माणसांना ती द्यावी लागेल. ९५ टक्के दोन्हीकडे तसेच्या तसे. मळमळ मात्र २५ जणांच्या वाट्याला येणार की अडीचशेंच्या, हे त्या ९५ मध्ये कुठंच दिसत नाही.

दुसरी चाचणी आपल्याच देशातली, अंदमानातली, २००० साली प्रसिद्ध झालेली. ७८२ माणसं. तिचा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मी गोंधळलेच. रक्त तपासलं तर जंतूचा संसर्ग दोन्ही गटांत जवळपास सारखा. पण प्रत्यक्ष आजारी पडलेले मोजले, तर गोळीवाल्यांत शंभरात तीन आणि दुसऱ्या गटात जवळपास सात. मग गोळी चालली की नाही? ‘संसर्ग टळतो का’ असं विचारलं तर उत्तर नाही, ‘आजार टळतो का’ असं विचारलं तर बऱ्याच अंशी हो. एकाच पेपरातून दोन मथळे निघतात आणि दोन्ही खरे असतात. तिसरी चाचणी ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या पुरात सापडलेल्या लोकांवर झाली. आपल्या परिस्थितीला सगळ्यात जवळची हीच, पण माणसं जेमतेम ऐंशीच्या घरात, त्यामुळे तिच्यातून ठाम काही हाती लागत नाही. २००९ मध्ये कोक्रेन या, चाचण्या एकत्र करून पारखणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात या तिन्ही एकत्र ठेवल्या गेल्या. निष्कर्ष असा की फायदा स्पष्ट नाही, मळमळ-उलटी मात्र वाढते.

हे सगळं मी मराठीत एका पानावर उतरवलं आणि पुढच्या खेपेला आशाताईंसमोर ठेवलं. त्यांनी पनामावर बोट ठेवलं. ‘सैनिक म्हंजे तरणी पोरं. पायात बूट. आमची बाई पंचावन्न वर्सांची, टाचंला भेगा, गोठ्यातला चिखल हातानं उपसतीया. आणि तीन आठवडं कुठलं, दिवाळीपतोर त्येच चाललंय.’

संशोधन ज्यांच्यावर झालं ती माणसं आणि माझ्यासमोरचा रुग्ण, यांच्यात किती अंतर आहे? पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हा प्रश्न शिकवायला व्याख्यानं लागतात. आशाताईंनी तो चहाचा कप खाली न ठेवता विचारला.

याचा अर्थ गोळ्या वाटू नयेत असा मी काढला नाही. जी बाई चिखलात उभी आहे तिचा धोका सैनिकापेक्षा जास्तच असणार; तिला गोळी द्यावी असं मला हे सगळं वाचूनही वाटतं. पण ज्या गल्लीत पाण्याचा थेंब शिरला नाही तिथं ‘आलाय साठा तर द्या’ म्हणून वाटण्यात काय हशील? पेपर वाचल्यानं माझं ‘हो’ बदललं नाही, ते कुणासाठी हे बदललं. आणि चिखलात उतरणाऱ्यांसाठी गमबूट मागायला गोळीइतकाच जोर लावावा, हेही तेव्हाच सुचलं.

संशोधन पारखून वाचणं ही एम.डी. करणाऱ्यांची जर्नल क्लबापुरती, म्हणजे पेपरांवर चर्चा करायच्या बैठकीपुरती, कसरत आहे, हा समज आपण मोडायला हवा, असं माझं म्हणणं आहे. ज्याच्या हातून गोळी रुग्णाच्या तळहातावर पडते, त्या सिस्टरला, उपकेंद्रातल्या एएनएम नर्सला, आशाताईला, औषध दुकानातल्या फार्मासिस्टला हे यायला हवं. मराठीत यायला हवं. आणि रविवारी घरचा स्वयंपाक आटोपून नव्हे, ड्युटीच्या वेळेत यायला हवं.

कुणी म्हणेल, नर्सिंगच्या अभ्यासक्रमात संशोधन आणि संख्याशास्त्र आहेच की. आहे. मी तेच शिकवते. त्याचं काय होतं ते या व्यवसायातल्या कुणालाही विचारा. चार-चार मुलींचा गट, एक प्रकल्प, आणि विषय ठरलेला: ‘अमुक विषयाच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता’. अमुकच्या जागी स्तनपान घाला, मधुमेह घाला, हात धुणं घाला. आधी प्रश्नपत्रिका, मग अर्ध्या तासाचं व्याख्यान, मग तीच प्रश्नपत्रिका. गुण वाढतात. न वाढून सांगतात कुणाला? तुलनेला दुसरा गट नाही, महिन्याभरानं काय उरलं त्याची मोजणी नाही, हात प्रत्यक्षात जास्त धुतले गेले का याचा पत्ता नाही. ‘पी’ ०.०५ च्या खाली येतो, म्हणजे निकाल नुसता योगायोग नाही असं मानायची रेघ गाठली जाते, बाइंडिंगवाल्याकडून सोनेरी अक्षरांची प्रत येते, कपाट भरतं. माझी स्वतःची प्रतही अशाच एका कपाटात आहे. आम्ही मुलींना संशोधनाचा साचा ओतायला शिकवतो. साच्यातून निघालेली वस्तू पोकळ आहे की भरीव, हे वाजवून बघायला शिकवत नाही.

दुसरी अडचण गणिताची नाही, मानपानाची आहे. मी स्टाफ नर्स असताना आमच्या सर्जिकल वॉर्डात ऑपरेशनच्या आदल्या रात्री वस्तऱ्यानं केस काढायची पद्धत होती. वस्तऱ्यानं बारीक जखमा होतात, त्यातून जंतुसंसर्ग वाढतो, असं वाचलेलं एक प्रिंटआउट घेऊन मी राउंडला उभी राहिले. सरांनी कागदाकडे पाहिलंही नाही. ‘सिस्टर, आता तुम्ही पेपर वाचणार आणि आम्ही टेंपरेचर घेणार का?’ सगळे हसले. मीही हसले, हे जास्त लागतं. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं की केस काढूच नका, अगदी लागलंच तर क्लिपर (केस कापायचं यंत्र) वापरा, वस्तरा कधीही नको. वाटलं, त्या वॉर्डात जाऊन तो कागद भिंतीला लावावा.

पण नंतर पारखायला शिकले तेव्हा ते जुनं प्रिंटआउट पुन्हा वाचलं. कुणाचे केस काढले आणि कुणाचे नाही, एवढीच त्यात तुलना होती. चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. ज्यांचे केस काढावे लागले त्यांची ऑपरेशनंच कदाचित मोठी, वेगळ्या जागची असतील. माझा मुद्दा बरोबर निघाला, हातातला पुरावा मात्र लेचापेचा होता. सरांनी चेष्टेऐवजी हे विचारलं असतं, तर मला त्या दिवशीच शिकायला मिळालं असतं.

एक चूक माझीही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत माझ्या फोनवर रोज प्लाझ्मासाठी, म्हणजे कोविडमधून बरं झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवासाठी, आवाहनं यायची. अमुक रक्तगट, अमुक दवाखाना, तातडीनं. मी एकूण एक पुढं पाठवत होते. रात्री अकराला बरा झालेला माणूस शोधून नातेवाईक त्याच्या हातापाया पडत होते. आणि आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची चाचणी ऑक्टोबर २०२० मध्येच प्रसिद्ध झाली होती: भारतातली ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण. प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के आणि न दिलेल्यांत १८ टक्के रुग्ण गंभीर झाले किंवा दगावले. परदेशातली नाही, आपली चाचणी. पैसे न भरता कुणालाही वाचता येईल अशी. प्लाझ्मा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. मधले जवळपास सात महिने तो पेपर इंटरनेटवर उघडा पडून होता आणि मी, नर्सिंगची शिक्षिका, आवाहनं फॉरवर्ड करत होते.

स्टेरॉइडचं तर त्याहून वाईट झालं. डेक्सामेथासोननं जीव वाचतो ही बातमी जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतून आली आणि ती खरी होती. पण त्या चाचणीच्या निकालाचा तक्ता तीन ओळींचा आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात? १४ टक्के होते, औषध दिलेल्यांत १७.८. हा शेवटचा फरक ठाम म्हणावा इतका नाही, पण फायद्याची खूण तर नाहीच. बातमीत पहिली ओळ आली. दुसऱ्या लाटेत ताप आल्या दिवशी मेडिकलमधून स्टेरॉइडची पट्टी नेणारी माणसं तिसऱ्या ओळीतली होती. काउंटरमागच्या एका फार्मासिस्टला जरी ती ओळ माहीत असती, तरी निदान त्याच्या गल्लीत फरक पडला असता.

या विचारावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेते. सगळेच प्रश्न विचारायला लागले तर लस कोण घेणार? खालच्या माणसाच्या मनात शंका पेरली की ती घरोघर जाते, असं मला एका अधिकाऱ्यांनी काळजीनं सांगितलं होतं. मला उलटा अनुभव आला. कोविशिल्डच्या सुरुवातीच्या दिवसांत लस ‘७० टक्के परिणामकारक’ म्हणून सांगितली गेली आणि गावोगाव एकच हिशेब झाला: ‘मग शंभरातल्या तिसांना होणारच की!’ या हिशेबावर ‘सरकारनं सांगितलंय’ हे उत्तर चालत नव्हतं. चाललं ते खरं गणित. त्या चाचण्यांत लस घेतलेल्या ५,८०७ जणांत ३० जणांना कोविड झाला, न घेतलेल्या ५,८२९ जणांत १०१ जणांना. हजारी बोलायचं तर लस घेतलेले पाच, न घेतलेले सतरा. सतराचे पाच झाले, तेच ते सत्तर टक्के. शंभरातले तीस कुठून आले? ज्या मुलीला हे समजावता आलं तिच्यापुढची रांग हलली. शंका आधीच घरात शिरलेली असते. तिला उत्तर देता येणारं माणूस दारात उभं आहे की नाही, एवढंच आपल्या हातात असतं.

दुसरा धोका मला जास्त खरा वाटतो. नवं नवं पारखायला शिकलेलं माणूस सगळंच खोडून काढायला लागतं. नमुना लहान, गट एकच, पैसे कंपनीचे. झाला पेपर रद्द. माझ्या एका विद्यार्थिनीनं तर दोन महिन्यांत जाहीर केलं की मॅडम, पुरावा कशालाच नाही. तिला मी पॅराशूटचा पेपर वाचायला दिला. २०१८ मध्ये ब्रिटनच्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाच्या नाताळ अंकात आलेली ही चाचणी. २३ माणसांनी विमानातून उड्या मारल्या, काहींच्या पाठीवर पॅराशूट, काहींच्या पाठीवर साधी सॅक. इजा दोन्ही गटांत सारखीच, म्हणजे शून्य. चिठ्ठ्या टाकलेल्या, आकडेमोड बिनचूक. फक्त विमान जमिनीवर उभं होतं आणि उडी दोन फुटांची होती. ती पोट धरून हसली, आणि मग म्हणाली, ‘म्हणजे पद्धत बरोबर असून पेपर निरुपयोगी असू शकतो.’ तसंच पद्धत अधू असूनही त्यात कामाचं काही असू शकतं, हे कळायला तिला आणखी वर्ष लागलं.

वेळ नाही, हेही म्हणतात. वेळ नाही हे खरंच आहे. आशाताईंना भरायचे तक्ते मोजले तर कुणाचीही मान खाली जाईल. म्हणूनच मी नवा कोर्स मागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याची बैठक होतेच. त्यात निम्मा वेळ मागच्या महिन्याचे आकडे मोठ्यानं वाचण्यात जातो. त्यातली चाळीस मिनिटं द्या. महिन्याला एक पेपर, तोही त्या भागाच्या प्रश्नाचा: पुरानंतर डॉक्सी, ऊसतोड बायकांचा अॅनिमिया, सर्पदंश. एम.आर.नं, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीनं, ठेवलेलं गुळगुळीत पत्रकही चालेल. त्यातल्या आलेखाचे खांब शून्यापासून सुरू होतात की ऐंशीपासून, एवढं बघायला शिकवलं तरी ती दुपार वसूल. वैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या पी.एस.एम.च्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) प्राध्यापकानं महिन्यातून एकदा पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या केंद्रावर जाऊन बसावं. तेही रिकाम्या हातानं परत येणार नाहीत.

भाषेचं कारण मात्र मला पटत नाही. पेपर इंग्रजीत असतात, मान्य. पण गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा जो प्रयोग केला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातली बाळं कुणी तपासली, नोंदी कुणी लिहिल्या? पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच बायकांनी. ३९ गावांत काम, ४७ गावांशी तुलना, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाते, त्यामागे तो प्रयोग आहे. जगातल्या नामांकित नियतकालिकात छापले जाणारे आकडे ज्यांनी मराठीत लिहिले, त्यांना ते आकडे मराठीत वाचता येणार नाहीत, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? (त्या प्रयोगातही गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. हे सांगितल्यानं त्याचं मोल कमी होत नाही. आणि बैठकीत हे विचारणारी एखादी निघाली तर मला आनंदच होईल.)

शिरोळच्या त्या आशाताई अजून फोन करतात. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पुन्हा स्ट्रिपा आल्या. या खेपेला त्यांनी यादीच्या वहीत पट्टीनं दोन रेघा जास्त मारल्या होत्या. पूर्वी नाव आणि ‘दिली’ एवढंच असायचं. आता ‘दिली’, ‘घेतली’, ‘ओकली’. घराघरात जाऊन त्या विचारून आल्या होत्या. मी वही बघायला गेले तेव्हा ‘घेतली’चा रकाना ‘दिली’पेक्षा बराच मोकळा होता.

‘रिकाम्या पोटी मळमळतंय म्हणून बायका पदराला बांधून ठेवत्यात,’ त्या म्हणाल्या. ‘कॅम्पात जेवण दुपारी दोनला येतंय आणि आपण गोळी वाटतोय सकाळी धाला. वर ह्ये कुणाला सांगायचं?’